तंबूचं दुसरं टोक

करड्या पिशवीतून निघालं ते एवढं: आतला तंबू एक, त्यावर घालायचं छत एक, नऊ-नऊ तुकड्यांचे लवचीक दांडे दोन, लोखंडी खुंट्या सोळा, ताणाच्या दोऱ्या सहा आणि कुठे फाटलं तर चिकटवायला कापडाचा चौकोनी तुकडा एक. निळ्या पिशवीतूनही नेमकं तेवढंच निघालं, शिवाय सूचनांचा घडी घातलेला एक कागद. तिने दोन्ही ढीग मागच्या अंगणात शेजारीशेजारी मांडले आणि दांडे एकमेकांना लावून पाहिले. मिलिमीटरचाही फरक नव्हता. कंपनी एक, नमुना एक, शिलाईसुद्धा एकाच पद्धतीची. करडा थोडा वापरलेला, निळा कोरा, एवढंच.

तरी दुकानदार म्हणाला होता की करडा सोपा आहे.

सहलीचं सामान विकणारं ते दुकान एका तळघरात होतं आणि आत रबराचा वास कोंडलेला असे. चौघांचा तंबू, पण एकटीला उभारता येईल असा हवा, असं तिने सांगितलं तेव्हा दुकानदाराने आधी निळा काढून दिला. मग जरा घुटमळून मागच्या फळीवरून करडा ओढला. हा तीनदा विकला गेलाय आणि तीनदा परत आलाय, हेही त्याने आपणहून सांगून टाकलं. तिने कारण विचारलं.

"तक्रार कुणाचीच नाही, ताई," तो डोकं खाजवत म्हणाला. "परत आणताना तिघेही एवढंच म्हणाले, फार सोपा आहे."

दोन्ही तंबू आठवडाभर घरी नेऊन बघायचे, एक ठेवायचा, एक परत करायचा, अशी त्या दुकानाची पद्धत होती. ती दोन्ही पिशव्या खांद्यांना अडकवून घरी आली.

एकटीला उभारता येण्याची अट खरं तर तिची नव्हती, नवऱ्याची होती. नवरा सुतार. दारं, कपाटं, जिने, काय म्हणाल ते करणारा, आणि घरात कुठे काही करकरलं की जेवण सोडून उठणारा. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं वाकणं, उचलणं, ओढणं सगळं बंद झालं. डॉक्टर म्हणत की जखम भरली, आता हळूहळू उभं राहा, हात चालवा, बाहेर पडा. पण त्याने कारखान्याला लावलेलं कुलूप तसंच होतं आणि तो दिवसभर मागच्या खोलीच्या खिडकीशी उंच खुर्चीत, चालायची काठी शेजारी ठेवून, बसून असे. बोलणं कमी झालं होतं. लेकीशी तेवढं बोलायचा. लेक सात वर्षांची, एका जागी क्षणभर ठरत नसे आणि हाताला लागेल ते कुठेतरी लपवून ठेवी, म्हणून सगळे तिला खारू म्हणत.

खारूच्या सुट्टीत तळ्याकाठी दोन रात्री राहून येऊ, असं तिने काढलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी तंबूशी झटापट करणार आणि मी खुर्चीत बसून बघणार, ते मला जमायचं नाही. तुला एकटीला उभारता आला तर सांग. येतो."

येतो हा शब्द त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांनी निघाला होता. या वेळी नाही म्हणाला तर हा माणूस त्या खिडकीपासून पुन्हा उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. म्हणून तंबू निवडण्याच्या साध्या कामाला ती परीक्षेला बसावं तशी बसली होती.

तसा तिचा रोजचा संबंध तंबूच्या कापडाशीच होता. रेनकोट, ताडपत्र्या, तंबू यांची कापडं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. कापड किती पाणी अडवतं, किती वाफ बाहेर जाऊ देतं, किती ओढलं की फाटतं, हे मोजायचं. मोठे तागे ताणून बघायला दोन माणसं लागत. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला एक वयस्क सहकारी. मधे कापड आडवं आलं की एकमेकांचं तोंड दिसत नसे, म्हणून तिथे एक नियम होता. "धर" म्हटलं की धरायचं आणि "सोड" ऐकू येईपर्यंत सोडायचं नाही, मग हात भरून येवोत नाहीतर फोन वाजो. नव्या नोकरीत ती एकदा "सोड" म्हणायला विसरून चहाला निघून गेली होती. परत आली तर हा गृहस्थ ताग्याचं टोक धरून तसाच उभा. सगळे हसले, तो मात्र हसला नाही.

पहिल्या संध्याकाळी तिने निळा घेतला. आतला तंबू जमिनीवर पसरला, दांडा कापडाच्या नळीतून सरकवला, त्याचं एक टोक कोपऱ्याच्या कडीत बसवलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन दांडा वाकवायला जोर लावला, की पलीकडचं टोक टक्कन कडीतून बाहेर. ती पलीकडे जाऊन ते बसवून आली की पुन्हा टक्कन. खारूने पायरीवर बसून किती वेळा निसटलं ते मोजायला घेतलं आणि अकराला कंटाळून सोडून दिलं. अर्ध्या तासाने कसाबसा निळा उभा राहिला, तोही एका बाजूला कललेला. खिडकीत नवरा बसला होता. निसटलेलं प्रत्येक टोक त्याने पाहिलं होतं. तेच जास्त लागलं.

मग तिने करडा घेतला. घामाघूम झालेली, जीव टेकीला आलेला. पहिलं टोक बसवलं, दुसऱ्या टोकाशी गेली, जोर लावला. दांडा वाकला, कमान झाली, टोक कडीत बसलं. पलीकडचं हललं नव्हतं. दुसरा दांडाही तसाच. पेटीतून काढलेला चष्मा डोळ्यांवर चढवावा तितक्या सहज तंबू उभा राहिला. घड्याळात पाहिलं तर अकरा मिनिटं. खारूने टाळ्या वाजवल्या. खिडकीतून नवरा पुढे वाकून बघत होता, आणि त्याला वाकलेला पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

दोन्ही तंबू तिने रात्रभर तसेच ठेवले, चेन ओढून, आत कुणी नाही. कापड दवाला कसं वागतं ते बघायची खोड, दुसरं काही नाही.

सकाळी निळ्याची चेन उघडली. आत हात फिरवला, कापड जेमतेम दमट लागलं. करड्याची चेन उघडली तर आतून उबट हवा आली. बंद खोलीत कुणी झोपून उठलं की येते तशी. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दाटले होते, काही ओघळून तळाशी साचले होते.

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला, दोन कोरडी फडकी तोलली, एका फडक्याने निळा पुसला, दुसऱ्याने करडा, आणि पुन्हा तोलली. निळ्यात बारा ग्रॅम पाणी होतं. करड्यात एकशे पन्नास.

हा आकडा तिला अनोळखी नव्हता, आणि गोम तिथेच होती. प्रयोगशाळेत अशा चाचण्या होत. माणूस रात्रभर श्वास घेतो, त्यातली वाफ थंड कापडावर जमते. हवा कशी आहे, कापड कुठलं आहे यावर आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण तंबूत एक मोठं माणूस झोपलं तर सकाळी साधारण एवढंच पाणी निघतं.

तिने सगळ्या शंका काढल्या. करड्याखालची जमीन ओली असेल, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी जागा बदलल्या. सकाळी निळ्यात तेरा, करड्यात एकशे बावन्न. कापडात फरक असेल म्हणून करड्याबरोबर आलेला चौकोनी तुकडा प्रयोगशाळेत नेऊन तपासला. निळ्याच्या तुकड्यासारखाच. मांजर शिरलं असेल म्हणून चेनीला दोरा बांधला, तो सकाळी जसाच्या तसा. बारीक मापाचा चिमटा आणून दोन्ही तंबूंच्या कड्यांचे व्यास मोजले. सारखे. करड्याची कडी घट्ट आहे म्हणून टोक निसटत नाही, ही तिची शेवटची आशाही गेली.

आणि तिसऱ्या संध्याकाळी, दांड्याला जोर लावताना, तिला ते हाताला कळलं. कापड यंत्राच्या चिमट्यात धरलं की ओढताना काहीच उत्तर येत नाही, चिमटा जिथे आहे तिथेच असतो. माणसाने धरलं की तसं नसतं. तुम्ही ओढलंत की समोरचा हात किंचित सैल पडतो, मग सावरतो, मग तुमच्या जोराइतका जोर लावतो. वर्षानुवर्षं तिच्या तळव्यांनी हा फरक वाचला होता. दांडा आत्ता किंचित सैल पडला. मग सावरला. तिने जोर वाढवला, समोरूनही वाढला.

पायरीवरून खारूचा आवाज आला, "आई, तू 'धर' कुणाला म्हणतेस गं?"

तिला कळेना. आपण काही म्हणालो हेच तिच्या ध्यानात नव्हतं. खारू म्हणाली की तू रोज म्हणतेस, करड्याच्या वेळी, पहिल्या दिवसापासून. निळ्याच्या वेळी आधी म्हणाली नव्हतीस, तेव्हा तू नुसती चिडली होतीस.

हाताला काम लागलं आणि थकवा आला की तोंडातून कामाचे शब्द आपोआप निघतात, त्यात नवल नाही. पण ते तपासून बघायला हवं होतं. खारूला तिने आत पाठवलं आणि करडा पुन्हा मोडून उभारला, या वेळी ओठ घट्ट मिटून. पलीकडचं टोक टक्कन बाहेर. पुन्हा बसवलं, पुन्हा बाहेर. मग हळूच, कुणी ऐकू नये इतक्या हळू, ती म्हणाली, "धर." दांडा वाकला आणि राहिला. निळ्याशी जाऊन तिने तसंच म्हणून पाहिलं. निळ्याचं टोक निसटलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि मग तिला अंगणात उभं राहवेना. "धर" ती रोज म्हणाली होती. "सोड" एकदाही म्हणाली नव्हती.

समजा हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो हसला तरी तंबू गेला, घाबरला तरी तंबू गेला, आणि तंबूबरोबर त्याचं येणंही गेलं. निळा तिला एकटीला जमत नव्हता, आणि आता जमेल अशी चिन्हंही नव्हती. करडा जमत होता. तो काही मोडत नव्हता, काही मागत नव्हता, नुसतं दुसरं टोक धरत होता. तिने स्वतःची समजूत घातली की दोन रात्रींचा तर प्रश्न आहे. प्रयोगशाळेत जिने आयुष्यभर न पटणारा आकडा पुन्हा मोजला, ती बाई इथे आकड्यावर फडकं टाकून मोकळी झाली.

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. म्हणाली की करडाच घेऊ, अकरा मिनिटांत होतो, मी एकटी पुरेशी आहे, तुला बोटही लावायला नको. आपण मोठी खूशखबर देतोय अशा थाटात ती बोलत होती.

नवऱ्याने घास खाली ठेवला.

"छान," तो म्हणाला. "मग मी आलो काय आणि नाही आलो काय."

त्यात रुसवा नव्हता. हिशेब मांडावा तसं तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. आणि तिला तेव्हा कुठे उमगलं की आपण अटीचे शब्द ऐकले, माणूस ऐकलाच नाही. ज्याच्या हातांशिवाय या घरातलं दार बसलं नाही, त्याला आपण तीन दिवस खिडकीत बसवून दाखवत होतो की तुझ्याविना कसं झकास चालतं. दुसऱ्या टोकाची जागा भरलेली होती, आणि ती त्याची होती.

ती ताट तसंच ठेवून मागच्या अंगणात गेली. घरातल्या दिव्याचा उजेड तिथवर पोचत होता. करड्याची चेन अर्धी उघडून तिने आत पाहिलं. कोपरे रिकामे, तळ सपाट. आतली हवा कोमट होती. प्रयोगशाळेत म्हणायची त्याच आवाजात, ना हळू ना जोरात, ती म्हणाली, "सोड."

काही झालं नाही. फक्त कापडाचा ताण, जो दुसऱ्या कुणाला दिसला नसता पण तिच्या नजरेला सवयीने कळत होता, तो थोडा उतरला.

सकाळी करड्यात निघालं बारा ग्रॅम, निळ्यात बारा.

तिने करडा घडी घालून परत नेला. दुकानदाराने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही नाही, फार सोपा आहे. तो हसला, म्हणाला आता मीच बघतो एकदा, आणि दुकानाच्या मधल्या मोकळ्या जागेत त्याने करडा पसरला. ती पैसे देईपर्यंत त्याच्या दांड्याचं टोक चारदा निसटलं. कपाळावरचा घाम पुसत तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "धर" म्हणायला दुसरा माणूस हवा बघा, एकट्याचं काम नव्हे हे. त्याच्या तोंडून तो शब्द निघाला तशी ती दांड्याकडे बघत राहिली. दांडा पाचव्यांदा निसटला.

करड्यात आता धरणारं कुणी उरलं नव्हतं; मग ते गेलं कुठे, हा विचार तिने घरी पोचेपर्यंत टाळला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं की करडा गेला, आता निळा आहे, आणि निळा मला एकटीला जमत नाही. खिडकीशी जाऊन सांगितलं, नजर न चुकवता. खाली बसायचं नाही, उचलायचं नाही, फक्त उभं राहून दुसरं टोक पायाने अडवायचं आणि हाताने धरायचं. येतोस का?

त्याने खिडकीतून निळ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "अगं, हे आधी सांगायचंस. तीन दिवस तुझी कुस्ती बघून माझीच पाठ दुखायला लागली." आणि काठीला हात न लावता पायरी उतरून आला.

अंगणात त्याने आधी कडी बघितली, टोक बघितलं, सांधा कच्चा आहे म्हणून कंपनीला दोन शिव्या घातल्या आणि बुटाची कड लावून टोक अडवलं. ती जोर लावायला गेली आणि तोंडात आलेला शब्द तिने गिळला. "पकड," ती म्हणाली. त्याचा हात तिला दांड्यातून कळला. थरथरता, हट्टी, मधेच सैल पडणारा, आणि सैल पडल्याचं कुणाला कळू नये म्हणून जास्तच जोर लावणारा. तंबू उभा राहिला. नवऱ्याची पाठ जमिनीवर तग धरते का ते बघायला त्या रात्री तिघेही त्यातच झोपले. पाठीने तग धरला. सकाळी तिने फडकी तोलली. तिघांचं मिळून तीनशे नव्वद ग्रॅम. तिने मनात तिघांचे वाटे करून पाहिले, त्याचे एकशे पन्नास, तिचे तेवढेच, खारूचे नव्वद. बेरीज जुळली तशी तिला इतकी गाढ शांतता वाटली की तिने खारूला उचलून गोल फिरवलं.

निघायच्या दिवशी तिने सामानात वजनकाटा टाकला तेव्हा नवऱ्याने विचारलं, तिथे जाऊन भाजी विकायचीय का. कामाचं आहे, असं म्हणून तिने वेळ मारून नेली. गाडीत तो खारूला सांधे समजावून सांगत होता. कुठला लाकडाला चालतो, कुठला नाही. दोघांच्या गप्पा तळं येईपर्यंत संपल्या नाहीत.

तळ्याकाठी वारा होता. अंगणातल्यासारखी झुळूक नव्हे, पाण्यावरून अंगावर येणारा, कापड हातातून हिसकणारा वारा. पहिला दांडा झाला. तीन कोपऱ्यांना माती होती, खुंट्या बसल्या. चौथा कोपरा नेमका खडकावर आला. खुंटी ठोकली तर ती वाकली, दुसरी ठोकली तीही वाकली. जागा बदलावी तर सगळंच उपटायला लागलं असतं आणि नवऱ्याच्या कपाळावर आता घाम दिसत होता. दुसरा दांडा सरकवून तिने एका टोकाला जोर लावला, पलीकडे तो पाय रोवून उभा होता. वाऱ्याने छत फडफडायला लागलं, खडकावरचा मोकळा कोपरा वर उचलला गेला, दांडा त्याच्या हातून सुटतो की काय असं झालं.

तंबूच्या त्या अंगाला दोरी सांभाळत उभ्या असलेल्या खारूने आईचा आवाज काढला, अगदी हुबेहूब, आणि वाऱ्यावर ओरडली, "धर!"

कोपरा खाली बसला.

दांडा कडीत गेला. नवरा हसला, मोठ्याने, पूर्वीसारखा. खारू त्याच्या पायाला मिठी मारून उड्या मारत होती. ती मात्र वळसा घालून खडकावरच्या कोपऱ्याशी गेली. तिथे खुंटी नव्हती, दोरी नव्हती, वर दगडही ठेवलेला नव्हता. बाकीचे तीन कोपरे वाऱ्याने ताणले जात होते, सैल होत होते. हा कोपरा हलत नव्हता. तिने दोन बोटांनी कापड जरासं ओढून पाहिलं. ते किंचित सैल पडलं. मग सावरलं.

नवरा मागून आला. कोपऱ्याकडे, मग सगळ्या तंबूकडे त्याने कारागिराच्या नजरेने पाहिलं, एक डोळा मिटून.

"बघ," तो म्हणाला, "कसा घट्ट बसलाय. अजून हात गेलेला नाही माझा."

त्याच्या मागे तळ्यावरून वाऱ्याचा पुढचा लोट येताना दिसत होता, पाणी काळं करत. एक शब्द पुरेसा होता, आणि तो तिच्या ओठांवर आला होता. तो म्हटला असता तर कोपरा उडाला असता, दांडे निसटले असते आणि सगळं कापड त्याच्या पायाशी येऊन पडलं असतं. आपल्या हातांकडे तो तेव्हा कसा बघेल, हे तिला नीट माहीत होतं. लोट आला. तीन कोपरे कुरकुरले. चौथा नाही.

"हो," ती म्हणाली. "घट्ट बसलाय." आणि तिने अंथरुणं आत न्यायला घेतली.

आत तिघांची अंथरुणं पडली. खडकाच्या बाजूला एकाची जागा उरली. खारूला तिथे लोळायचं होतं. तिने तिला ओढून दोघांच्या मधे घेतलं. नवरा पडल्या पडल्या झोपला, दमलेल्या आणि समाधानी माणसाची झोप. खारू त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. ती स्वतः त्या मोकळ्या जागेकडे पाठ करून आडवी झाली, आणि थोड्या वेळाने तिला वाटलं की पाठ करणं बरं नव्हे, म्हणून कूस बदलून तिकडे तोंड करून पडली.

सकाळी वारा पडला होता. नवरा काठीशिवाय पाण्याकडे चालत गेला होता आणि खारू त्याच्यापुढे पळत होती. दोघांचे आवाज लांबून ऐकू येत होते. तंबू चारी कोपऱ्यांवर सरळ उभा होता. तिने काट्यासोबत आणलेला थर्मामीटर पाहिला. अंगणात तिघांचं मिळून तीनशे नव्वद निघालं होतं, त्या सकाळइतकंच तापमान होतं. मग तिने आतून चेन लावली, कोरडी फडकी तोलली, छत आणि चारही भिंती पुसल्या, तळाशी साचलेलं टिपून घेतलं आणि फडकी काट्यावर ठेवली.

कोरड्या फडक्यांचं वजन वजा करून आकडा आला, पाचशे चाळीस ग्रॅम.